शुक्रवारचं विमान

गोडादरा, सुरत
११ जानेवारी

चैती,

हे पाकीट तुला सँपलच्या पुस्तकात सापडेल. जॉर्जेटचे निळे तुकडे संपून मरून सुरू होतात, तिथे ठेवा असं मी चंदूभाईंना सांगितलं आहे. चंदूभाई आमच्या मार्केटमधले साडीवाले. महिन्यातून एकदा ते बँकॉकला येतात आणि तू ज्या दुकानात काम करतेस तिथे त्यांचा माल उतरतो, हे मला परवा त्यांचं तिकीट काढताना कळलं. ते सहज बोलून गेले, "वर्षाबेन, वहाँ फाहुरात मार्केट में एक तुम्हारी मराठी लडकी बैठती है. कपडा मापने में एकदम पक्की. आधा इंच भी छोडती नथी." मी नाव विचारलं. त्यानंतर मी काय टाइप करत होते ते मलाच कळलं नाही. चंदूभाईंचं आडनाव चुकलं आणि ते दुरुस्त करण्यात माझी सगळी दुपार गेली.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंस त्याला तीन वर्षं झाली. मी तक्रार करत नाही. आबांच्या बाराव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाच्या मरणालाही आली नाही." शेजारच्या मंगलाबाईंचा मोबाइल तेव्हा चालू होता, तू तिकडून सगळं बघत होतीस. मी काकांच्या शेजारीच बसले होते. तिला तिकीट मिळालं नाही, तिची चूक नाही, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्याची माफी मागायला हे पत्र आहे असं समज. खरंच त्या दिवाळीत सीट कुठेच नव्हती, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

धम्मरत्नांशी लग्न केलंस तेव्हा आबा जातीवरून जे बोलले ते मी पुन्हा लिहीत नाही. तुझं नाव घरात घ्यायचं नाही असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही दोघींनी ते पाळलं. माय मात्र भाकरी थापताना तुझ्या आवडीची गाणी गुणगुणायची. त्यात नाव नसायचं, त्यामुळे आबांना काही बोलता यायचं नाही.

आता कामाचं. सुरतेहून बँकॉकला थेट विमान आहे. तुला ते माहीत असणारच, पण मला ते तुला सांगायचं होतं. आठवड्यातून चार दिवस. सकाळी इथून जातं, तेच संध्याकाळी तिथून परत येतं. मुंबई नको, पहाटेची गाडी नको. आमच्या मगनभाईंच्या ट्रॅव्हल ऑफिसात मी आता फक्त हीच लाइन बघते. रोज तुझ्या गावाचं नाव लिहिते आणि माणसं पाठवते.

यंदा आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, एकोणीस एप्रिलला आहे, रविवारी. मायचं वय झालं. गुडघ्यांनी तिला घरात बसवलं आहे. आखाजीला माहेरी येणाऱ्या पोरी गल्लीत दिसायला लागल्या की ती खिडकी लावून घेते. तू ये एवढंच मागते.

तुझी
ताई


गोडादरा
९ फेब्रुवारी

चैती,

चंदूभाई परत आले. मी दोन दिवस त्यांच्या दुकानाखालून जात-येत होते. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"अरे वर्षाबेन, दे दिया तमारा कागळ. पहले उसने पुस्तक खोला, फिर कागळ देखा, फिर पुस्तक बंद."

"मग?"

"फिर मेरे को चाय पिलाया."

"काही बोलली?"

"बोली ना. बोली, मरून का रंग इस बार कच्चा है, धोने में छूटता है."

मी हसले. तू पत्र फाडलं नाहीस एवढ्यावर माझा आठवडा चालला. आणि मायच्या गुडघ्यांसाठी तू दिलेल्या मलमाच्या चार बाटल्या मिळाल्या. चंदूभाईंनी त्या साड्यांच्या घडीत गुंडाळून आणल्या होत्या. माय रोज लावते. घरभर कापरासारखा वास असतो. मंगलाबाई विचारतात, "मालतीबाई, देव बसवला का घरात?" माय म्हणते, "मन्ही आंडेरनी धाडं." माझ्या लेकीनं पाठवलं, असं. चैती, आबा गेल्यानंतरही तिनं गल्लीत तुझा उल्लेख केला नव्हता. चार बाटल्यांनी केलं ते.

तुला माझ्या कामाचं थोडं सांगते. दुसरं काय सांगावं ते अजून सुचत नाही. हे विमान सुरू झालं तेव्हा पहिल्या महिन्यात फक्त चंदूभाईंसारखे लोक जायचे. एका हातात सँपलची बॅग, दुसऱ्या हातात खाखऱ्यांचा डबा. मग त्यांच्यातल्या एकानं बायकोला नेलं. तिनं तिथल्या बाजाराचे, बोटींचे फोटो भिशीच्या ग्रुपवर टाकले. पुढच्या महिन्यात तीन जोडपी आली. मग कामरेजकडचे ऊसवाले आले, नवीन लग्न झालेले आले. मालक लोक कापडाच्या मागे गेले, बायका मालकांच्या मागे आणि शेजारी बायकांच्या मागे. विमान भरायला लागलं तशी कंपनीनं एक दिवस वाढवला. दिवस वाढला म्हणून तिकीट उतरलं, तिकीट उतरलं म्हणून आणखी माणसं आली. मगनभाई याला धंदा म्हणतात. मला वाटतं, एका माणसानं जाऊन सुखरूप परत येऊन दाखवलं की बाकीच्यांची भीती जाते, तेवढंच असतं ते.

आपल्या घरात तसं झालं नाही. तू गेलीस आणि आम्ही दार लावून घेतलं.

तुझ्या दुकानात गर्दी असते का? जेवायला वेळ मिळतो का? धम्मरत्न तिकडच्या यात्रेकरूंना आपल्याकडे अजिंठ्याला आणतात असं चंदूभाई म्हणाले. हे ऐकून माय म्हणाली, अजिंठा आपल्याच मुलखात, आणि आपण एकदाही पाहिला नाही.

ताई


गोडादरा
४ मार्च

चैती,

काल संध्याकाळी मंगलाबाई मोबाइल घेऊन धावत आल्या. तू दर आठवड्याला त्यांच्या फोनवर मायशी बोलतेस हे मला माहीत आहे. तुझा फोन आला की मी गच्चीवर जाते, म्हणजे तुम्हाला मोकळं बोलता यावं. काल पण गेले. खाली आले तर माय भिंतीला टेकून बसली होती आणि हसत होती.

"येई ऱ्हायनी ती. आखाजीले."

चार दिवस रजा. शुक्रवारी सतरा तारखेच्या विमानानं येणार, मंगळवारी परत. तिकडच्या पाण्याच्या सणानंतर दुकान उघडायला वेळ असतो, म्हणून एवढीच रजा मिळते. हे सगळं तिनं मला तीनदा सांगितलं. मग सावकाश म्हणाली, "ताईले म्हन, सीट असेल तर."

तू तसंच म्हणालीस का? सीट असेल तर?

मायला त्यात काही दिसलं नाही. तिनं तुझा निरोप जसाच्या तसा दिला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. सीट आहे, चैती. सतराला भरपूर आहेत. तुझं तिकीट मी आज सकाळीच काढलं, पासपोर्टवर आहे तसं नाव घालून, सौ. जाधव. ते अक्षर-अक्षर तपासलं. छापून मायला दिलं. तिनं ते उलटं धरून पाहिलं आणि गव्हाच्या डब्यावर ठेवलं.

आणखी एक गोष्ट तिनं म्हटली, ती तुला सांगायलाच हवी. "जवाईले बी लयी ये म्हना." जावयालाही घेऊन ये म्हणावं. आपल्या घरात हा शब्द धम्मरत्नांसाठी पहिल्यांदा उच्चारला गेला. उशीर झाला हे मला कळतं.

मला तुला अजून काही लिहायचं होतं. दिवा लावायची वेळ झाली, माय हाक मारते आहे. पुन्हा लिहीन.

ताई


रिंग रोड, ऑफिसमधून
१५ मार्च

चैती,

घाबरू नकोस, पण ऐक. शुक्रवारच्या विमानाचं काही खरं नाही.

झालं असं की, सतराच्या विमानात आम्ही मार्केटच्या लोकांसाठी बावीस सीटांचा ब्लॉक घेतला होता. सणानंतर तिकडची दुकानं उघडली की ऑर्डर घ्यायला जायचं असा त्यांचा दरवर्षीचा बेत. पण यंदा तिकडून मागणी आलीच नाही. तुला दुकानात दिसतच असेल. इथे गोदामं भरलेली आहेत, आपल्या गल्लीतले लूम एकाच पाळीत चालतात. परवा सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून ब्लॉक सोडला. शिवाय दुसऱ्या एका एजंटाकडचे पण गळाले. मगनभाईंनी कंपनीत ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि रिसिव्हर ठेवून मला म्हणाले, "वर्षाबेन, खाली प्लेन कोण उडाडे? शुक्रवार काढी नाखशे. सोमवारमां भेगुं करी देशे."

म्हणजे शुक्रवारची फेरी रद्द करून सोमवारच्या विमानात सगळ्यांना बसवणार. सोमवारी आखाजी होऊन गेलेली असेल, आणि मंगळवारी तर तुला परत निघायचं. मुंबईमार्गे पाहिलं. सणाच्या परतीच्या गर्दीत शनिवारी रात्रीशिवाय काही नाही आणि मग घरी पोचेपर्यंत रविवार संपतो. जे विमान इथून जाणार नाही ते तिथून तुला घेऊन येणारही नाही, एवढं साधं आहे.

मी पाणी प्यायले. तेवढ्यात चंदूभाईंच्या बायको आल्या, चंचलबेन. नवऱ्याच्या रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे घ्यायला. खुर्चीत बसल्या, पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, "एमनी सीट खाली छे? तो मने बेसाडी दो."

गंमत म्हणून म्हणाल्या. मी म्हटलं, "पासपोर्ट आहे?"

आहे. आठ वर्षांपूर्वी काढला, मुलीकडे अमेरिकेला जायचं म्हणून. ते राहिलं. पासपोर्ट कोरा आहे. मी विचारलं, तुम्हाला तिथे काय बघायचं आहे? चंचलबेन म्हणाल्या, दरिया. मी म्हटलं, समुद्र तर डुमसला आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी शाळेतली पोर आणि त्या बाई. "डुमस का काला है, बेटा. और हजीरा जाओ तो चिमनी दिखती है. मेरे को नीला देखना है, जिसमें किसीका कारखाना ना हो."

मी त्यांना चहा मागवला. मग विचारलं, मार्केटमध्ये अशा कोरे पासपोर्ट असलेल्या किती बायका आहेत? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. चैती, एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "लिस्ट बनाओ."

तीस-तीस वर्षं या बायकांनी साड्यांना टिकल्या चिकटवल्या, घड्या घातल्या. त्या साड्या समुद्र ओलांडून गेल्या. मी मगनभाईंना म्हटलं, माल जात नसेल तर मालकिणी जातील. ते म्हणाले, "तमे गांडा थई गया छो." वेडी झालीस. पण कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून त्यांनी ब्लॉक आठ दिवस धरून ठेवला.

आता मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मार्केटच्या मजल्यांवर फिरते. आज नऊ झाल्या.

ताई


गोडादरा
२२ मार्च

चैती,

चौदा बायका झाल्या आहेत. कंपनीनं अजून शुक्रवार काढलेला नाही. चंदूभाई परवा एकटेच येत आहेत, अडकलेल्या मालाचं बोलायला. हे पत्र त्यांच्याबरोबर देते आहे.

खरं तर हे पत्र मला सतराला चंचलबेनबरोबर पाठवता आलं असतं. त्या दुपारी उतरणार, तू संध्याकाळी निघणार. तोपर्यंत तुझी बॅग भरलेली असती, आणि हे वाचूनही तू विमानात बसली असतीस. मी तसंच करायचं ठरवलं होतं. आठ दिवस तोच विचार करत होते. मायचा चेहरा बघितला की वाटायचं, कशाला आत्ता. पण तू खोट्यावर विसंबून यावंस आणि मायच्या शेजारी बसून मला "ताई" म्हणावंस, ते मला सोसणार नाही. म्हणून आत्ता लिहिते. यावंसं वाटलं नाही तर तुला नाही म्हणायला वेळ मिळेल.

त्या दिवाळीत सीट होती.

आमच्या कामात एक पद्धत आहे. सीट मिळाली की लगेच तिकीट करायची गरज नसते. माणसाच्या नावानं ती होल्डवर ठेवता येते. मशीन एक वेळ देतं, त्या वेळेपर्यंत ती सीट दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. त्या आधी पक्कं केलं नाही तर सीट आपोआप सुटते. कुणी बटण दाबत नाही, कुणाची सही नसते.

तू सकाळी अकराला फोन केलास. तुझ्याकडे तेव्हा तिकडचं कार्डही नव्हतं, भाषाही नव्हती. तू म्हणालीस, "ताई, तुझंच काम आहे हे, तूच बघ." मी आबांच्या आयसीयूबाहेर बसून ऑफिसात फोन केला. मुंबईच्या विमानात एक सीट मिळाली. तुझ्या नावानं होल्ड करायला सांगितली, संध्याकाळी पाचपर्यंत. फक्त एक फोन परत करायचा होता, करून टाका म्हणून.

मी नाही केला. पाच वाजले ते मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिले. सहाला तुला सांगितलं, सगळं फुल्ल आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले.

मला तुझा राग होता. तू गेलीस आणि सगळं माझ्यावर पडलं, घर, दवाखाना, नातेवाइकांची तोंडं. एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

मायला माहीत नाही. तुला तिला सांगायचं असेल तर सांग.

वर्षा


गोडादरा
८ एप्रिल

चैती,

हे पत्र कुणाबरोबर पाठवू? सतराच्या आधी मार्केटमधलं कुणी जाणार नाही. तरी लिहिते आहे.

चंदूभाई परत येऊन दहा दिवस झाले. तू पत्र घेतलंस, एवढंच त्यांनी सांगितलं. या वेळी चहाचं काही बोलले नाहीत. मंगलाबाईंच्या फोनवरही तुझा आवाज आला नाही. मायनं पहिल्या आठवड्यात विचारलं, दुसऱ्या आठवड्यात विचारलं नाही. काल मी घरी आले तर ती गुडघे धरून खाली बसली होती आणि तुझ्यासाठी गहू निवडत होती. मी पण शेजारी बसले. तुझं तिकीट डब्यावरून खाली पडलं होतं, तिनं ते झटकून परत ठेवलं.

बायका एकोणीस झाल्या. काल सगळ्या ऑफिसात आल्या होत्या. मगनभाई बाहेर जाऊन उभे राहिले, आत जागाच नव्हती. एकीनं विचारलं, विमानात चप्पल काढायची का? दुसरी म्हणाली, तिथे बटाटा मिळतो का? चंचलबेन आता पुढारी झाल्या आहेत. त्यांनी सगळ्यांना दटावलं, "बटाटा सब जगह मिलता है. इतनी दूर बटाटे के लिए जा रही हो?"

तरी एकोणीस बायकांनी फक्त जातानाचं विमान भरतं. कंपनी येतानाचंही बघते. शुक्रवारी बँकॉकहून सुरतेला येणारे फारच कमी होते. मगनभाई परवा म्हणाले, तिकडून दहा-बारा माणसं निघाली तर वाचेल, नाहीतर आपण हात जोडायचे.

आज दुपारी एक मेल आला. धम्मरत्नांचा. इंग्रजीत, अगदी कोरडा. सतरा एप्रिलला बँकॉक ते सुरत अकरा सीटा हव्यात, तिकडच्या शाळांना सुट्टी आहे, अजिंठ्याला जाणारी मंडळी, पुढे सुरतेहून जळगावची रेल्वे करून द्यावी. खाली अकरा नावं. एवढ्या उन्हात अजिंठा, असं म्हणून मगनभाई हसले. मी हसले नाही. मला ठाऊक आहे, इतकी वर्षं ते यात्रेकरूंना मुंबईलाच उतरवतात.

सगळी तिकडची लांबलचक नावं होती. मी तीनदा वाचली. धम्मरत्नांचं नाव नव्हतं. तुझं आधीच काढलेलं आहे, त्यामुळे तुझं असायचं कारणच नाही, हे मला कळत होतं. तरी मी शोधत होते. तुझं तिकीट रद्द करा असंही कुठे लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी कंपनीचा निरोप आला. शुक्रवार राहिला.

तू त्यात असशील की नाही ते मला माहीत नाही. पण विमान येतंय.

ताई


सुरत विमानतळ
१७ एप्रिल

चैती,

मी दोन तास आधीच आले. मंगलाबाई मायजवळ थांबल्या आहेत. इथे बाहेर रेलिंगपाशी बाक आहे, त्यावर बसून लिहिते. आठ तारखेचं पत्र पण याच पाकिटात आहे. दोन्ही तुझ्या हातात देईन.

सकाळी बायका इथूनच गेल्या. एकोणीस जणी, सगळ्यांच्या गळ्यात मगनभाईंनी दिलेल्या पिवळ्या पट्ट्या. चंदूभाई बॅगा उचलत होते आणि म्हणत होते, "पच्चीस साल में पहली बार मैं एअरपोर्ट छोडने आया हूँ." चंचलबेननी आत जाताना मागे वळून त्यांना घरच्या गॅसची आठवण करून दिली.

मंगळवारी, चौदा तारखेला, तुझा फोन ऑफिसच्या नंबरवर आला. रस्त्यावरून जयंतीची मिरवणूक चालली होती, ढोल, गाणी, निळे झेंडे. मी एका कानावर हात ठेवला होता. तू म्हणालीस, "मी मायकडे येतेय. तुझ्याकडे नाही. तुझ्याशी बोलेन की नाही ते मला माहीत नाही."

मी म्हटलं, बरं.

मग तू म्हणालीस, "नुसता राग होता म्हणून कुणी असं करत नाही, ताई. का केलंस?"

मी म्हटलं, काही ऐकू येत नाहीये, खूप आवाज आहे. आणि फोन ठेवला.

मला ऐकू आलं होतं, चैती. शब्दन् शब्द.

म्हणून आता लिहिते. दवाखान्यात एकालाच आत सोडत होते. माय घरी होती, तिला ताप होता. त्या दिवशी सकाळी आबा शुद्धीवर आले. ओठ कोरडे पडले होते. डोळे उघडून म्हणाले, "चैती." मला वाटलं, चुकून. मी म्हटलं, आबा, मी वर्षा. त्यांनी मान हलवली आणि परत म्हणाले, "चैती, पाणी दे."

दिवसभर तसंच. तुझंच नाव. ज्यांनी घरात नाव घ्यायला बंदी केली त्यांनी दुसरं एकही नाव घेतलं नाही. मी तीन महिने त्यांचं सगळं करत होते. अंथरूण, औषधं, दाढी. त्यांना मी दिसतच नव्हते. तुझ्या सीटचा फोन मी परत करणारच होते. मोबाइल हातात होता. तेव्हा ते म्हणाले, "चैती, आली का तू?"

मी म्हटलं, "हो आबा. आले."

त्यांनी माझा हात धरला. बोटं चाचपली. म्हणाले, "रागे भरलो होतो पोरी, जाऊ दे." मी चमच्यानं पाणी दिलं. ते प्यायले. तुझ्या हातचं म्हणून प्यायले. मग झोपले, ते पुन्हा बोलले नाहीत.

तेव्हा साडेचार वाजले होते. मी अर्धा तास मोबाइल हातात धरून बसून राहिले. मला वाटत होतं, तू आता प्रत्यक्ष आलीस तर मी तिथे कोण? एवढ्यासाठी, चैती. त्यांनी एकदा कुणाचा तरी हात धरला होता, आणि तो हात माझा होता, एवढं मला ठेवून घ्यायचं होतं.

पण ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. तीन वर्षं मी ते तुझ्यापासून दाबून ठेवलं. सीटपेक्षा मोठी चोरी ती आहे. ते तुला माफ करून गेले, आणि तू समजत राहिलीस की ते रागातच गेले. आता ते तुझं तुला देते. जसं बोलले तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता: रागे भरलो होतो पोरी, जाऊ दे.

विमान उतरल्याचं पाटीवर येऊन अर्धा तास झाला. रेलिंगपाशी गर्दी वाढली आहे. माझ्या शेजारी जळगावची रेल्वेची तिकिटं घेऊन मगनभाईंचा माणूस उभा आहे, त्या अकरा जणांसाठी. काचेच्या पलीकडे पांढऱ्या कपड्यांतल्या काही बायका दिसताहेत, उन्हाच्या टोप्या घातलेल्या, इकडेतिकडे बघणाऱ्या. त्यांच्या मागे तू आहेस. केस कापलेत. बारीक झाली आहेस. तू त्यांना दारं दाखवते आहेस, एकीची पिशवी तुझ्या खांद्यावर आहे.

तू अजून मला पाहिलं नाहीस. मी घाईनं लिहिते.

घरी जाईपर्यंत बोलू नकोस. रिक्षात तू मागे बस, मी पुढे ड्रायव्हरजवळ बसते. घरी मायजवळ बस, मी गच्चीवर जाईन. मंगळवारपर्यंत बोलली नाहीस तरी चालेल. फक्त तुझी बॅग मला उचलू दे.